गोवा: सडा, नद्या, पोर्तुगीज वारसा आणि दाबोळीचा हवाई तळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याबद्दल येणारे प्रश्न बहुतेक किनाऱ्यांचे असतात. इथे त्यांना हात लावलेला नाही. राज्याची जमीन कशी आहे, त्या जमिनीवर पोर्तुगिजांनी काय उभं केलं आणि दाबोळीच्या पठारावर १९५५ पासून विमानांचं काय काय झालं, एवढंच इथे आहे. या तीन गोष्टी एकमेकींत किती अडकल्या आहेत ते उत्तरं वाचताना लक्षात येईल.

गोव्याचा नकाशा वाचायचा कसा?

क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. तालुके १२. नकाशावर किनाऱ्याला समांतर तीन पट्टे पाडा. पहिला किनाऱ्याचा: वाळू, खाड्या, भातशेती, दाट वस्ती. दुसरा मधल्या सड्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यांच्या पठारांचा. तिसरा सह्याद्रीचा: सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणचा पूर्व भाग. सर्वांत उंच शिखर सोनसागर सत्तरीत, उंची ११६० मीटरच्या वर. किनारपट्टीची लांबी शाळेच्या पुस्तकात १०५ किलोमीटर दिलेली असते. नदीमुखांची वळणं धरून मोजली की आकडा बराच वाढतो, त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर गोंधळू नका.

या पट्ट्यांना आडव्या छेदतात त्या नद्या. उत्तरेकडून तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग. मांडवी म्हणजेच म्हादई. तिचा उगम कर्नाटकात, खानापूर तालुक्यात. भरतीचं खारं पाणी मांडवी-जुवारीत खूप आतवर शिरतं. गोव्यातली शेती, बंदरं आणि लढाया या एका गोष्टीशिवाय समजत नाहीत.

मांडवीचं मुख एवढं मोठं, मग मुख्य बंदर मुरगावला का?

मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पावसाळ्यात वाळूचा दांडा तयार होतो. नैऋत्येचा वारा आणि लाटा थेट आत येतात. मोठ्या जहाजाला तिथून आत शिरणं धोक्याचं. जुवारीचं मुख मात्र मुरगावच्या भूशिराच्या आडोशाला आहे. मांडवी आणि जुवारी यांना आतून कुंभारजुव्याची खाडी जोडते. मांडवीचं तोंड बंद झालं की मुरगावला थांबायचं आणि या खाडीने छोट्या होड्यांतून माल आत न्यायचा, असा प्रघात होता. लोहखनिजाचे बार्जही पावसाळ्यात याच वाटेने जात.

मुरगावचं भाग्य खरं उघडलं ते रेल्वेने. १८८० च्या दशकात मुरगाव ते कॅसल रॉक हा मीटरगेज मार्ग झाला आणि घाटावरचा माल या बंदरात उतरू लागला. आज दूधसागर धबधब्यासमोरून गाडी जाते ती याच मार्गाने.

खाजन शेती म्हणजे काय? तिथे बांध का फुटतात?

भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून समुद्रापासून सोडवलेली जमीन म्हणजे खाजन. ही पद्धत पोर्तुगिजांच्या कित्येक शतकं आधीची. नदीकडेला माती, पेंढा आणि जांभा वापरून बांध घालतात. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. झडपा वरून बिजागरीने टांगलेल्या असतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. पावसाळ्यात आत कोरगुटसारखं खारं सोसणारं भात, कापणीनंतर खारं पाणी आत घेऊन मासे आणि कोळंबी, काही ठिकाणी मिठागरं.

बिघाड तीन ठिकाणी होतो. झडपेचं लाकूड कुजतं आणि फटीतून खारं पाणी झिरपतं. खेकडे बांधाला बिळं पाडतात. वेळेवर बुजवली नाहीत तर उधाणाच्या भरतीला तिथूनच बांध खचतो. तिसरं माणसाचं काम: कोळंबीच्या लोभाने मानस भरतीला मुद्दाम उघडी ठेवायची. एकदा मिठाचं पाणी भरलं की पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन निघण्यातच जातात. पूर्वी देखभाल गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज कागदपत्रांतल्या कोमुनिदादकडे होती. कूळ कायद्यानंतर जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली आणि बऱ्याच गावांत ती नीट पेलली गेली नाही. जमिनीचा हक्क दिला, बांधाचं ओझं कुणाच्या खांद्यावर ते मात्र सैल सोडलं, असं आमचं मत.

पोर्तुगिजांनी सगळ्या गोव्यावर ४५१ वर्षं राज्य केलं, हे खरं का?

निम्मं खरं. अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० च्या सुरुवातीला तिसवाडी घेतली, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हाकललं आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने ती परत जिंकली. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये आले. मुरगाव तेव्हा सासष्टीतच मोडत असे. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख.

फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७६३ पासून टप्प्याटप्प्याने पोर्तुगिजांकडे गेला. काही सौंदेकर राजाकडून, काही सावंतवाडीकर भोसल्यांकडून. या नव्या काबिजादी. इथे पोर्तुगीज सत्ता साधारण पावणेदोनशे ते दोनशे वर्षांची.

जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय आलं. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकलं. भक्तांनी देव नदीपार नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, म्हणून ही सगळी मोठी देवस्थानं आज एकाच तालुक्यात सापडतात. नव्या काबिजादी मिळेपर्यंत पोर्तुगिजांचा धर्माचा आवेश ओसरला होता, त्यामुळे ती देवळं तिथेच राहिली. गोव्याच्या वारशाची सहल आखताना हाच विभाग धरा: चर्चसाठी तिसवाडी, बार्देश, सासष्टी, देवळांसाठी फोंडा.

मराठे गोवा घेण्याच्या किती जवळ पोहोचले होते?

सर्वांत जवळ १६८३ मध्ये. फोंड्यावर चालून आलेल्या विजरईला, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या गोव्यातल्या प्रतिनिधीला, संभाजी महाराजांनी मागे रेटलं आणि नोव्हेंबरात मराठ्यांनी सांत इस्तेव, म्हणजे जुवे बेट रात्रीत घेतलं. मधे फक्त खाडी उरली होती. विजरईने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीजवळ आपला राजदंड ठेवून शहर त्याच्या हवाली केल्याची नोंद आहे. इतक्यात औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना माघारी वळावं लागलं. पोर्तुगिजांनी या धसक्याने राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला होता. दुसरी मोठी मोहीम १७३९ ची, वसईच्या मोहिमेच्या जोडीने झालेली. त्यात बार्देश आणि सासष्टीचा मोठा भाग मराठ्यांच्या हाती आला होता, पण तहात परत गेला.

राजधानी जुन्या गोव्यातून पणजीला का गेली?

रोगराई. दलदल, विहिरींत झिरपणारं घाण पाणी, कॉलरा आणि मलेरिया यांच्या साथींनी शहर ओस पडत गेलं. १७५९ मध्ये विजरईने पणजीतल्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलवला; राजधानीचा दर्जा पणजीला मिळाला १८४३ मध्ये. दोन्ही शहरांना जोडणारा रायबंदरचा लांबच लांब बांध १६३३-३४ चा. आजही त्यावरून गाड्या धावतात.

बॉम जेझस बासिलिका लाल आणि समोरचं से कॅथेड्रल पांढरं, असं का?

दोन्ही जांभ्यातलीच. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण तो सच्छिद्र असतो. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून गोव्यातली प्रत्येक चर्च चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली असे आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी रंगवली जाई. बासिलिकेचा (बांधकाम १५९४ ते १६०५) गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रू याने काढून टाकला. दगड उघडा दिसला की इमारत जास्त प्राचीन वाटते, असा तेव्हाचा समज. तेव्हापासून पाऊस थेट दगडात मुरतो आणि भिंत भुरभुरते. गिलावा परत करावा की नाही यावर अजून वाद आहे. पर्यटकांना ‘लाल चर्च’ची सवय झाली असली, तरी दगडाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे: झाका.

दर्शनी भागातलं कोरीवकाम नीट पाहा. तो जांभा नाही, काळा बेसाल्ट आहे आणि तो वसईहून समुद्रमार्गे आणलेला. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही.

जुनं गोवं अर्ध्या दिवसात कसं पाहायचं?

सकाळी लवकर पोहोचा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा उशिरा जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. १९८६ पासून ही चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि पहारेकरी कपड्यांबाबत कडक असतात. क्रम असा ठेवा:

– नदीकाठची विजरईची कमान. नवा विजरई होडीतून उतरून इथूनच शहरात शिरत असे.
– सांत कायतान, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं. गर्दी कमी, घुमट बघण्यासारखा.
– से कॅथेड्रल. १५६२ मध्ये काम सुरू झालं, १६१९ ला इमारत उभी राहिली. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग लंगडा दिसतो. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे.
– शेजारच्या सेंट फ्रान्सिसच्या मठातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. शुक्रवारी बंद, आणि बरेच जण इथेच फसतात.
– रस्ता ओलांडून बासिलिका.
– चढावर सेंट ऑगस्टिनचे अवशेष. मठ १८३५ मध्ये रिकामा झाला, छत १८४२ मध्ये पडलं, ४६ मीटरचा मनोरा तेवढा अर्धा उरला. इथल्या उत्खननात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए चाचणी झाली आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला दिले गेले.

झेवियरच्या शवाचं जाहीर दर्शन दहा वर्षांतून एकदा असतं. मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. एरवी पेटी बासिलिकेत उंचावर असते, खालून फार काही दिसत नाही.

किल्ल्यांपैकी कोणते पाहावेत?

वेळ कमी असेल तर दोनच. रेइश मागुश (१५५१) मांडवीच्या अरुंद जागेवर आहे. समोरच्या काठाकडे पाहिलं की नदीवर पहारा कसा असेल ते लगेच कळतं. दुरुस्तीही उत्तम झाली आहे. आग्वाद (१६१२) गोड्या पाण्यासाठी बांधलेला: जहाजं इथे पाणी भरत. तिथलं दीपगृह १८६४ चं. शापोऱ्याला तटाखेरीज फारसं काही उरलेलं नाही, संध्याकाळी गर्दी मात्र जत्रेसारखी.

दाबोळीची धावपट्टी कुणी आणि का बांधली?

पोर्तुगिजांनी, नाइलाजाने. भारताने १९५० च्या दशकाच्या मध्याला गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केली, रेल्वे थांबली. लिस्बनशी संपर्क ठेवायला फक्त समुद्र उरला, तोही संथ. मग तेव्हाचे गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदिश यांच्या काळात दाबोळीला विमानतळ झाला आणि १९५५ मध्ये त्यांचंच नाव त्याला मिळालं. ‘ताइप’ ही सरकारी विमान कंपनी काढली गेली. ती दमण, दीव आणि कराचीला जात असे. कराचीहून पुढे पश्चिमेकडे.

जागा दाबोळीच का, याचं उत्तर सड्यात आहे. मुरगावचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५ मीटर उंच, सपाट, पाणी न साचणारं, खाली जांभ्याचा पक्का थर, शेतीला निरुपयोगी आणि बंदराला खेटून. उड्डाणाच्या पश्चिम टोकाला डोंगर नाही, थेट समुद्र. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तीही त्या पठाराच्या आकाराला धरून. खाजनात किंवा भाताच्या मळ्यात असं काही बांधता आलं नसतं.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने नेमकं काय केलं?

गोवा मुक्त करणाऱ्या ऑपरेशन विजय या लष्करी मोहिमेच्या हवाई बाजूची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो यांच्याकडे होती. विमानं पुण्याच्या लोहगाव आणि बेळगावच्या सांबरा तळांवरून उडाली. १८ डिसेंबरला सकाळी १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत सुमारे ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. नंतर ८ कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. आदेश स्पष्ट होता: धावपट्टी निकामी करा, टर्मिनल आणि इमारतींना धक्का लावू नका. कारण उघड आहे, तळ नंतर आपल्यालाच वापरायचा होता. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हंटर विमानांनी रॉकेट आणि तोफांचा मारा केला, त्याने गोव्याचा लिस्बनशी संपर्क तुटला. दीववर जामनगरहून निघालेल्या तुफानी विमानांनी आणि दमणवर मिस्तेर विमानांनी हल्ले केले.

हवेत लढाई झालीच नाही. पोर्तुगिजांचं गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं.

मग दाबोळीवरची दोन विमानं निसटली कशी?

बॉम्बहल्ल्यात धावपट्टीला खड्डे पडले, पण विमानं उभी राहण्याची जागा, ठरवल्याप्रमाणे, शाबूत राहिली. तिथे पोर्तुगीज विमान कंपनीचं एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताइपचं एक चार इंजिनांचं डग्लस उभं होतं. त्या रात्री काही खड्डे घाईघाईने बुजवले गेले आणि उरलेल्या आखूड पट्टीवरून दोन्ही विमानं अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन उडाली, समुद्रावरून खाली-खाली उडत कराचीला पोहोचली.

नुसत्या बॉम्बने धावपट्टी बंद ठेवणं किती अवघड असतं याचा हा चांगला नमुना. खड्डा जांभ्यात पडला तर तोच दगड भरायला हाताशी असतो. पट्टी बंद ठेवायची तर ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा हल्ला करावा लागतो, रात्रीसुद्धा. पळवाट राहिली याचं खापर वैमानिकांवर फोडण्यात अर्थ नाही.

छत्रीधारी सैनिक गोव्यात उतरवले होते का?

नाही. ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गहून जमिनीवरूनच आली. पोर्तुगिजांनी जागोजाग पूल उडवले होते, जुवारीवरचा बोरीचा पूलसुद्धा. गोव्यातल्या नद्यांनीच या मोहिमेचा वेग ठरवला. तरी ही ब्रिगेड १८ तारखेला मांडवीच्या उत्तर काठावर पोहोचली आणि १९ ला सकाळी पणजीत शिरली. मुख्य फौज, १७ इन्फन्ट्री डिव्हिजन, मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या हाताखाली घाटाकडून उतरली. १९ डिसेंबरला रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली.

आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका तेव्हा नवीकोरी होती. ती किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होती, तिच्या विमानांना गोव्यावर मारा करायची वेळ आली नाही. समुद्रावरची खरी चकमक झाली ती मुरगावच्या बंदरात, ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी.

दाबोळी हवाई दलाचा नाही, नौदलाचा तळ कसा?

१९६२ मध्ये तो नौदलाकडे सोपवला गेला. नौदलाला किनाऱ्यालगत, विमानवाहू नौकेला हाताशी असा तळ हवा होता. आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाला होता. जून १९६४ मध्ये तो दाबोळीला आला. विक्रांतवरची सी हॉक आणि अलिझे ही विमानं जहाज बंदरात असताना इथे राहू लागली. तेव्हापासून नौदलाच्या हवाई शाखेचं माहेरघर हेच.

हंसावर आजवर कोणती विमानं होती, आणि आता कोणती?

लढाऊ विमानांची पिढी दोनदा बदलली. ‘व्हाइट टायगर्स’ म्हणजे आयएनएएस ३०० हे पथक १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉकवर उभं राहिलं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली: सरळ खाली उतरणारं, हवेत जागच्या जागी थांबणारं विमान. ११ मे २०१६ रोजी ती निवृत्त झाली आणि पथकाला मिग-२९के मिळालं. मिग-२९के चं पहिलं पथक आयएनएएस ३०३ ‘ब्लॅक पँथर्स’, मे २०१३ चं. एकूण ४५ मिग-२९के घेतली गेली. पुढची पायरी राफेल-एम. २६ विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला.

सागरी टेहळणीची ओळ वेगळी. आधी अलिझे, मग एअर इंडियाने वापरून झालेली सुपर कॉन्स्टेलेशन, १९७७ पासून रशियन आयएल-३८. मधल्या काळात टीयू-१४२ ही प्रचंड विमानंही इथेच होती, ती पुढे तमिळनाडूत अरक्कोणमला गेली. १ ऑक्टोबर २००२ रोजी आयएल-३८ पथकाच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन विमानं दाबोळीजवळ हवेत एकमेकांवर आदळली. विमानांतले सर्व १२ जण गेले, खाली जमिनीवरही बळी पडले. आयएल-३८ ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आज हे काम पी-८आय करतं. त्यांचं गोव्यातलं पथक आयएनएएस ३१६ हे मार्च २०२२ चं. शिवाय डॉर्नियर, कामोव्ह-३१, ध्रुव हेलिकॉप्टर.

अपघातांत पक्ष्यांचा वाटा मोठा आहे. उघडा सडा, भोवती वाढती वस्ती आणि कचरा, त्यावर घारी. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी मिग-२९के चं प्रशिक्षण विमान उड्डाणानंतर लगेच पक्ष्यांच्या थव्यात सापडलं, इंजिनाला आग लागली आणि ते वेर्ण्याच्या पठारावर कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. तळालगत उघड्यावर कचरा टाकणं हा केवळ नगरपालिकेचा प्रश्न नाही तो यामुळे.

धावपट्टीजवळचा तो वर वळलेला उतार कशासाठी?

ती किनाऱ्यावरची चाचणी सुविधा. विमानवाहू नौकेच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती: एका बाजूला स्की-जंप, दुसऱ्या बाजूला अरेस्टर वायर, म्हणजे विमानाचा हुक अडकवून त्याला थांबवणारी तार. समुद्रात जाण्यापूर्वी चूक करायची ती इथे.

उड्डाण असं होतं. विमान ठरलेल्या खुणेवर उभं राहतं, चाकांपुढे डेकमधून वर आलेले रोधक असतात. वैमानिक इंजिनं पूर्ण ताकदीवर नेतो, रोधक खाली पडतात, विमान आखूड धाव घेऊन उतारावर चढतं आणि वरच्या दिशेने फेकलं जातं. उतार सोडताना वेग साध्या उड्डाणाला पुरेल इतका नसतो. वर जाण्याच्या त्या काही सेकंदांत इंजिनं उरलेला वेग मिळवतात. म्हणून वजनाचा हिशोब चुकला किंवा एका इंजिनाने दगा दिला तर सावरायला वेळ जवळपास नसतो. याच कारणाने स्की-जंपवरून विमान भरगच्च इंधन आणि शस्त्रं घेऊन जाऊ शकत नाही. काहीतरी कमी करावं लागतं.

उतरताना उलटं. शेपटीखालचा हुक खाली सोडतात, नाक वर उचलून हळुवार टेकायचं नाही, ठरलेल्या कोनात सरळ आदळायचं. चाकं टेकताच वैमानिक इंजिनं कमी करत नाही, पूर्ण करतो! हुक वायरमध्ये अडकला नाही तर डेक संपण्याआधी पुन्हा उडता यावं म्हणून. ही आदळआपट सोसायला चाकांचे पाय जाड करावे लागतात, वजन वाढतं, आणि जमिनीवरचं विमान नौदलाचं करण्यात खरी डोकेदुखी तीच.

नौदलासाठीच्या तेजसने २० डिसेंबर २०१४ रोजी इथून पहिलं स्की-जंप उड्डाण केलं, वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याने इथे वायर पकडून उतरून दाखवलं आणि ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकर यांनीच ते विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवलं. २०२२ मध्ये राफेल-एम आणि अमेरिकेचं एफ/ए-१८ ही दोन्ही स्पर्धक विमानं याच उतारावरून उडून गेली. हा भाग बाहेरच्यांना पाहता येत नाही.

नौदल हवाई संग्रहालय कुठे आहे? किती वेळ लागतो?

वास्कोहून बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावर, विमानतळाच्या पठारावरच. १९९८ मध्ये उघडलं. सोमवारी बंद असतं, तिकीट माफक. दोन तास पुरतात. उघड्यावर ठेवलेल्या विमानांत हे चुकवू नका: सी हॉक, पंख दुमडलेलं अलिझे, सी हॅरियर, सीलँड हे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फायरफ्लाय, आणि सर्वांत मोठं सुपर कॉन्स्टेलेशन. तीन शेपट्यांचं हे विमान जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय. आतल्या दालनात इंजिनं, बॉम्ब, वैमानिकांचे पोशाख, छायाचित्रं.

दुपारी बारानंतर सड्यावर सावली नसते, धातू तापतो, मुलं कंटाळतात. सकाळी जा. खाऱ्या हवेत विमानांची अवस्था सारखी बदलते. एखाद्यावर रंगकाम चालू असेल तर जवळ जाता येत नाही.

दाबोळी की मोपा? तिकीट काढताना काय पाहायचं?

संकेतच वेगळे. दाबोळीचा जीओआय, मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जीओएक्स. मोप्याहून उड्डाणं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तो पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गच्या सीमेला लागून. सावंतवाडी, वेंगुर्ले, पेडणे, म्हापसा यांसाठी मोपा. मडगाव, वास्को, काणकोण, कारवारसाठी दाबोळी. चुकीच्या विमानतळावर पोहोचणारे प्रवासी आजही असतात, आणि दोहोंमधलं अंतर पणजी ओलांडून जायचं आहे. गर्दीच्या वेळी दोन तास धरा.

दाबोळी नौदलाचा तळ असल्याने नागरी विमानांना वर्षानुवर्षं सकाळच्या वेळेत जागा मिळत नसे. तेव्हा नौदलाचा सराव चालतो. मोप्याच्या मागणीमागे हे मोठं कारण होतं. दाबोळीत धावपट्टी, लढाऊ विमानं किंवा हँगर यांचे फोटो काढायला मनाई आहे, विमानाच्या खिडकीतूनसुद्धा. मिग दिसलं म्हणून मोबाइल बाहेर काढाल तर पुढचा तास चौकशीत जाईल.

गोवा महाराष्ट्रात का आला नाही?

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. फरक ३४,०२१. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झालं. कौलाचे तालुकानिहाय आकडे आणि वर सांगितलेल्या जुन्या-नव्या काबिजादी शेजारी ठेवून पाहा, बरंच काही उलगडेल.

अंजदीव बेट पाहता येतं का?

नाही. कारवारच्या समोर असलं तरी ते गोव्याचं, काणकोण तालुक्यात मोडतं. १९६१ मध्ये तिथे उतरलेल्या नौदलाच्या तुकडीवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि नौदलाचे ७ जण गेले. आता बेट कारवारच्या नौदल तळाच्या हद्दीत आहे. मच्छीमारांनाही जवळ जाता येत नाही. होडीवाला ‘नेतो’ म्हणाला तरी बसू नका.